शेजारची सीट

ॲव्हरेजभाऊंचं खरं नाव त्यांच्या लायसनवर छापलेलं आहे, पण ते वाचायची वेळ आजवर कोणावर आलेली नाही, कारण भाऊंनी जन्मात कधी सिग्नल तोडला नाही. सिग्नल तोडायचा तर गाडी दामटावी लागते, आणि दामटलेली गाडी जास्त पिते. लोक त्यांना ॲव्हरेजभाऊ म्हणतात ते त्यांच्या एका प्रश्नावरून. समोर चाकं असलेलं काहीही दिसलं की भाऊ विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" एका लग्नात नवरानवरी सजवलेल्या गाडीतून उतरत होते, सगळे त्यांच्या अंगावर फुलं टाकत होते, आणि भाऊ पलीकडच्या बाजूला ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकून उभे होते. शेजारचे आजोबा वारले तेव्हा शववाहिनीच्या ड्रायव्हरलाही त्यांनी हे विचारलं होतं. आवाज मात्र खाली ठेवला होता, तेवढी समज त्यांना आहे.

भाऊ चिक्कू आहेत असं कोणी म्हणू नये. घरी आलेल्या माणसाला ते चहा प्यायल्याशिवाय सोडत नाहीत आणि तोही कपभर, उगाच घोटभर नाही. त्यांना बघवत नाही ते एवढंच, की इंजिन धडधडतंय आणि गाडी मात्र जागची हलत नाही. रस्त्यात कोणी गाडी चालू ठेवून फोनवर बोलत उभा दिसला की भाऊ काचेवर टकटक करतात आणि किल्ली फिरवल्याची खूण करतात. यापायी त्यांनी बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत, पण जित्याची खोड, ती कुठे जायची.

भाऊंचा धंदा म्हणजे वहिनींच्या धंद्याचं शेपूट. वहिनींची टेकडीच्या पायथ्याशी रोपांची नर्सरी आहे. पायथ्याशी का, तर विहीर तिथे आहे. आणि गिऱ्हाइकं सगळी टेकडीवर, कारण मोठ्या गॅलऱ्यांची घरं तिथे आहेत. पाणी खाली आणि हौस वर, अशी देवाने वाटणी केलेली. मग खालच्या कुंड्या वर न्यायला टेम्पो, आणि टेम्पोला भाऊ. शेजारच्या सीटवर वहिनी. मांडीवर एखादं नाजूक रोप, पायाशी कात्री-खुरप्याची पेटी, आणि तोंडाने अखंड बोलणं. कोणाच्या गुलाबाला कीड लागली, कोणी झाडाला चहाचा चोथा घालून घालून ते मारलं, हे सगळं भाऊंना त्या चढावर कळायचं. भाऊ फक्त "हं" म्हणायचे. वीस-बावीस वर्षांचा संसार, त्यातला निम्मा त्या चढावर झालेला.

पहिला टेम्पो मोठ्या इंजिनाचा होता. म्हातारा झाला तेव्हा भाऊंनी तो काढून टाकला आणि हौसेने छोट्या इंजिनाचा नवा घेतला. त्यांचं गणित सरळ होतं. लहान तोंड, लहान घास. लहान इंजिन, कमी इंधन. दुकानदाराने चक्कर मारायला दिली ती रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर, पाठीमागून वारं असताना. गाडी अशी काही पळाली की भाऊंना भरून आलं. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत त्याच भातातलं असावं लागतं. भाऊंनी ते बघितलं नाही.

मग टेम्पोत पहिल्यांदा कुंड्या भरल्या. ओल्या मातीच्या कुंड्या म्हणजे काय वजन असतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. त्यात वहिनींची पद्धत अशी, की रोप गाडीत चढण्याआधी त्याला पोटभर पाणी पाजायचं. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण उपाशी पाठवतो का, असं त्यांचं म्हणणं. त्या ओझ्यानिशी टेम्पो चढाला लागला आणि दुसऱ्या वळणावरच भाऊंना पहिल्या गिअरवर यावं लागलं. तिथून वरपर्यंत इंजिन नुसतं ओरडत होतं. आवाज विमानाचा आणि वेग बैलाचा. आठवडाअखेर टाकी बघितली तर जुना म्हातारा पीत होता त्याहून जास्त ह्या लहानग्याने प्यायलं होतं.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, इंजिन कमी पडतंय. भाऊ म्हणाले, ओझं जास्त होतंय.

आणि त्यांनी ओझं कमी करायला घेतलं. आधी स्टेपनी काढली. मग जॅक काढला, कारण स्टेपनीच नाही तर जॅक काय पूजेला ठेवायचा. मग पायाखालचं मॅटिंग, मग टपाचा कॅरिअर, मग डॅशबोर्डवरचा मान हलवणारा प्लॅस्टिकचा कुत्रा. टेम्पोत बसण्याआधी ते खिशातली चिल्लर काढून ठेवू लागले. सकाळची न्याहारी त्यांनी चढ उतरून आल्यावर करायची ठरवली. मग त्यांची नजर कुंड्यांतल्या पाण्यावर गेली.

"अगं, पाणी तिकडे पोचल्यावर घातलं तर?" ते वहिनींना म्हणाले. "झाडाला काय, कुठलंही पाणी सारखंच."

वहिनींनी ऐकलं. दोन दिवसांनी वरच्या एका बाई मान टाकलेलं जास्वंदाचं रोप घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, हे पोचलं तेव्हाच असं होतं, मला वाटलं झोपलंय. दुसऱ्या दिवसापासून वहिनी कुंड्यांना दुप्पट पाणी घालू लागल्या.

त्यानंतर भाऊंनी जे केलं ते आजही नर्सरीत कोणी मोठ्याने बोलत नाही. एका सकाळी वहिनी पेटी घेऊन टेम्पोपाशी आल्या, दार उघडलं, तर आत सीट नाही. भाऊंनी पाना घेऊन चारही बोल्ट खोलले होते आणि सीट काढून नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली ठेवली होती. त्या सीटला वहिनींनी स्वतःच्या हाताने फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. सीटच्या जागी एक प्लॅस्टिकची बादली पालथी घातलेली होती.

"वजनाला एकदम हलकी आहे," भाऊ म्हणाले.

वहिनींनी बादलीकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं. "आणि मी?"

हा प्रश्न बायकोने विचारला की शहाणा माणूस आकाशाकडे बघून पाऊस येईल का म्हणतो. भाऊ म्हणाले, "तुझं तर काही काढता येत नाही ना."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि बादलीवर बसल्या. पहिल्या वळणावर बादली डावीकडे गेली आणि वहिनी उजवीकडे. दुसऱ्या वळणावर मांडीवरचं लिंबाचं रोप भाऊंच्या मांडीवर आलं, आणि लिंबाला काटे असतात. तिसरं वळण आलंच नाही. वहिनींनी गाडी थांबवायला सांगितली, तशी ती जवळपास थांबलेलीच होती. खाली उतरून साडी झटकली, पेटी उचलली, बादली भाऊंच्या हातात दिली आणि चढाला चालू लागल्या.

तेवढ्यात मागून मेहुण्याचा पिकअप आला. मेहुणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. टेकडीवरच्या दुकानांना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवतो. त्याच्या पिकअपचं इंजिन मोठं, पोट त्याहून मोठं, आणि ॲव्हरेज किती हे त्याला आजवर माहीत नव्हतं. भाऊंनी विचारलं की तो म्हणायचा, "दाजी, संपलं की भरतो." एवढ्या एका वाक्यावरून भाऊ त्याला घरातला वाया गेलेला मुलगा समजायचे.

"ताई, चालत का?" त्याने विचारलं.

"तुझ्या दाजींच्या गाडीत माझं वजन होतं," वहिनी म्हणाल्या आणि पिकअपमध्ये चढून बसल्या.

त्या दिवसापासून वहिनी पिकअपमध्ये आणि भाऊ टेम्पोत एकटे. पिकअप तिसऱ्या गिअरवर गुणगुणत पुढे निघून जायचा आणि भाऊंना खिडकीतून बाहेर आलेलं वहिनींचं कोपर तेवढं दिसायचं. ते कोपर हलत असायचं, म्हणजे वहिनी बोलत होत्या. कोणाच्या गुलाबाला कीड, कोणाची तुळस गेली, हे सगळं आता मेहुण्याला कळत होतं, आणि त्याला तर गुलाब आणि कोबी यांतला फरक कळत नाही. टेम्पोत आता सगळं हलकं झालं होतं. भाऊंना ते फार जड जाऊ लागलं. पण चूक झाली म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि भाऊंचं तोंड "हं" म्हणण्यापुरतंच उघडायचं.

शेवटी त्यांनी सरळ रस्ता सोडून त्यांचा नेहमीचा रस्ता धरला. ते मेहुण्याला म्हणाले, "तुझी गाडी चढाला माझ्यापेक्षा जास्त पिते. पैज लाव."

टेकडीवरच्या शाळेला बागेसाठी बऱ्याच कुंड्या हव्या होत्या. ठरलं असं, की दोघांनी पंपावर टाकी काठोकाठ भरायची, निम्म्या-निम्म्या कुंड्या घेऊन वर जायचं, रिकामं होऊन खाली यायचं आणि पुन्हा टाकी काठोकाठ भरायची. ज्याच्या गाडीत कमी मावेल तो जिंकला.

"आणि ज्याची गाडी कमी पिईल," वहिनी म्हणाल्या, "मी कायमची त्याच्या गाडीत बसेन."

भाऊंनी मान हलवली.

पैजेच्या सकाळी भाऊ उपाशीपोटी, अर्ध्या चड्डीत, पायांत सपाता घालून आले. घड्याळ काढलं होतं. दाढीही करून आले होते, म्हणजे तेवढेच केस कमी. मेहुणा मात्र भरपेट खाऊन, ढेकर देत आला. त्याच्या पिकअपमध्ये आधीच पाण्याचे चार जार होते, ते काढायचा त्याला कंटाळा आला. वर शेजारी वहिनी बसल्या, त्यांची पेटी, आणि ऊन लागू नये म्हणून एक मोठी छत्री. भाऊंनी मनातल्या मनात हे सगळं तोललं आणि त्यांना आशा वाटली. मग वहिनींनी नळी घेतली आणि दोन्ही गाड्यांतल्या कुंड्यांना मोजून मापून सारखं, आणि भरपूर, पाणी पाजलं.

चढाला लागल्यावर पिकअप वळणाआड गेला. टेम्पो पहिल्या गिअरवर आला आणि ओरडू लागला. भाऊंनी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला होता. त्याच्या खाली फक्त रस्ता होता. फिरायला निघालेले एक पेन्शनर मास्तर काठी टेकत टेकत टेम्पोच्या बरोबरीला आले.

"बंद पडली का?" मास्तरांनी विचारलं.

"चालू आहे," भाऊ म्हणाले.

"असं होय," मास्तर म्हणाले आणि पुढे निघून गेले.

पुढच्या वळणावर मास्तर दम खायला बाकावर बसले होते. टेम्पो त्यांच्यासमोरून गेला. मग मास्तर उठले आणि पुन्हा पुढे गेले. असं दोनदा झाल्यावर दोघांनाही एकमेकांकडे बघायचा संकोच वाटू लागला, आणि मास्तरांनी पायवाटेचा रस्ता धरला. भाऊ शाळेत पोचले तेव्हा मेहुणा कुंड्या उतरवून, चहा पिऊन, फाटकाला टेकून उभा होता.

"दाजी, तुमचं इंजिन हमालासारखं राबतंय," तो म्हणाला. "बारीक माणसाच्या डोक्यावर पोतं दिलं की तो धापा टाकतो आणि मग दुप्पट खातो. माझं थोराड आहे. त्याला हे ओझं कळतच नाही, ते चालतं आपलं."

"उतारावर बघू," भाऊ म्हणाले.

उतारावर त्यांनी बघितलं. गिअर न्यूट्रलला टाकला आणि वर किल्लीही फिरवली. इंजिन बंद झालं, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान आलं. थेंबही न पिता गाडी पळत होती. बंद इंजिनाच्या गाडीला ब्रेक नीट लागत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टी ऐन वेळी आठवतात असं नाही. नर्सरीच्या फाटकापाशी त्यांनी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन जोर केला. टेम्पोने फाटक ओलांडलं, गुलाबांच्या रांगेला वळसा घातला आणि खताच्या ढिगात जाऊन, अगदी हळुवारपणे, दारांपर्यंत रुतला.

मेहुणा आणि वहिनी मागून आले तेव्हा भाऊ स्टिअरिंग धरून बसलेले होते.

"मुद्दाम इथे लावली," भाऊ म्हणाले. पडलो तरी नाक वर.

मग पिकअपने दोरी बांधून टेम्पो ओढून काढला. तसाच पंपापर्यंत ओढतच नेला, कारण किल्ली फिरवायला भाऊ तयार नव्हते. ओढण्यात पिकअपचं जास्त जळालं, हेही त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

पंपावर नोझल धरायला मावशी होत्या. मावशी भाऊंना चांगल्या ओळखून होत्या, आणि त्याला कारण होतं. टाकी भरली की भाऊ गाडीला दोन्ही हात लावून गदागदा हलवायचे. त्यामुळे आतली हवा निघून जाते आणि आणखी घोटभर मावतं, असं त्यांनी मावशींना शिकवलं होतं. पंपावरचे सगळे आता तसंच करत.

आधी पिकअप भरला. काटा थांबला. मग टेम्पो. टेम्पोच्या मीटरने पिकअपचा आकडा गाठला आणि नोझल टकन बंद झालं. बरोबरी. निदान बरोबरी तरी झाली. भाऊ पुतळ्यासारखे उभे राहिले. गाडीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मावशींनी नोझल तसंच ठेवलं, टेम्पोच्या मागे गेल्या आणि गदागदा हलवायला लागल्या.

"अहो, राहू दे, राहू दे," भाऊ म्हणाले.

"असं कसं? पिकअप हलवला की मघाशी. तुम्हीच शिकवलंय, हलवल्याशिवाय फुल नाही." मावशींनी जोर लावला. टाकीतून बुडबुड आवाज आला, त्यांनी नोझल पुन्हा दाबलं आणि मीटर पुढे सरकला. अजून हलवलं, अजून सरकला. छोट्या टेम्पोच्या पोटात एवढी हवा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

भाऊंचे दोन्ही हात खतात माखलेले होते, त्यामुळे ते चेहऱ्यावर घेता येईनात.

"रिकाम्या गाडीची पण झाली पाहिजे," ते म्हणाले. "सपाटीवर. ओझ्याशिवाय."

मेहुणा हसणार होता, पण वहिनींनी त्याला डोळ्यांनी थांबवलं. "होऊ दे त्यांच्या मनासारखं," त्या म्हणाल्या.

दोन्ही गाड्या रिकाम्या करून सपाट रस्त्याने नदीच्या पुलापर्यंत जाऊन आल्या. पाण्याचे जारसुद्धा मेहुण्याने उतरवून ठेवले होते. वहिनी पंपावरच मावशींपाशी थांबल्या. आणि आता टेम्पोत एवढंसं मावलं, पिकअपमध्ये त्याच्या दुप्पट. मोठं इंजिन रिकामं पळायला लागलं की स्वतःचंच ओझं वाहतं, तेव्हा लहानाशी त्याची बरोबरी होत नाही. मावशींनी दोन्ही गाड्या पुन्हा पुन्हा हलवून बघितल्या, पण आकडा तोच राहिला.

भाऊंचा चेहरा उजळला. "बघितलंस? मी म्हणत होतो ना. एकटी असली, कोणी नसलं, काही नसलं, तर ह्या गाडीसारखी गाडी नाही."

"हो," वहिनी म्हणाल्या. "कोणी नसलं तर छानच चालते. मग चालू दे तशीच." आणि त्या पिकअपमध्ये जाऊन बसल्या.

भाऊ टेम्पो घेऊन नर्सरीत आले. गाडी हलकी होती, रस्ता सपाट होता, ॲव्हरेज जन्मात मिळालं नसेल एवढं चांगलं मिळत होतं, आणि भाऊंना रडू येत होतं. जाळीखाली सीट होती. त्यावर नर्सरीतलं मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. फुलाफुलांच्या कव्हरवर वहिनींच्या बसण्याने झालेला खळगा होता, मांजर बरोबर त्यात मावलं होतं. भाऊ त्याच्याशेजारी मातीत बसले. ते मांजराला म्हणाले, "ऊठ. ती जागा तिची आहे." मांजर उठलं नाही. भाऊंनी त्याच्यासकट सीट उचलली.

तीन बोल्ट सापडले, चौथा खताच्या ढिगात शोधावा लागला. भाऊंनी तो शोधला. स्टेपनी परत ठेवली, जॅक ठेवला, मान हलवणारा कुत्राही ठेवला. मग मेहुण्याकडे जाऊन, नजर त्याच्या चपलांवर ठेवून म्हणाले, "उद्यापासून कुंड्या तू ने. तुझ्या इंजिनाला ते शोभतं."

"आणि तुमचा टेम्पो काय नेणार, दाजी?"

"माणसं," भाऊ म्हणाले. "म्हणजे, एकच."

सकाळी वहिनी पेटी घेऊन बाहेर आल्या. कुंड्या पिकअपमध्ये चढलेल्या होत्या. टेम्पो रिकामा उभा होता, दार उघडं होतं आणि भाऊ दाराशी उभे होते. वहिनींनी आत बघितलं. सीटवर हात दाबून बघितला, चारही बोल्ट पायाने चाचपले.

"पक्की बसवलीये?"

"आता निघणार नाही."

"आणि माझं वजन?"

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी वहिनींच्या हातातली पेटी घेऊन पायाशी ठेवली.

आता वहिनी टेकडीवर घरोघर जाऊन लोकांची आजारी झाडं बघतात आणि भाऊ त्यांना नेतात. चढ आला की टेम्पो दुसऱ्या गिअरवर बिनबोभाट चढतो. मेहुणा ॲव्हरेज विचारू लागला आहे, आणि भाऊ त्याला बरंच काही सांगतात. वहिनी बोलतात, भाऊ "हं" म्हणतात. परवा पंपावर मावशींनी टाकी भरली, नोझल टकन बंद झालं, आणि सवयीने त्या टेम्पोला मागून दोन्ही हात लावायला गेल्या.

भाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "मावशी, राहू दे आज. हलवू नका," ते म्हणाले. "ही बसलीये."